फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय



आज पिकाबद्दल नाही, गाडीच्या एसीबद्दल लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, विषय फिरून आपल्याच बांधावर येतो.

आमच्याकडं एक जुनी गाडी आहे, चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. एसी ही आमची चैन नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जिल्ह्याच्या गावाला न्यावं लागतं. मराठवाड्यातला मे महिना तुम्हाला माहीतच आहे. डायलिसिस करून दमलेलं माणूस त्या उन्हात खिडक्या उघड्या टाकून आणायचं म्हणजे दुसरी शिक्षा.

एप्रिलात एसी बंद पडला. पंखा फिरायचा, हवा यायची, पण गरम. फ्यूज बॉक्स उघडला तर 10 अँपिअरचा लाल फ्यूज उडालेला. दहा रुपयांचा नवा टाकला, एसी चालू. तिसऱ्या दिवशी परत उडाला. आठवड्यात चार फ्यूज गेले.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बघितलं न बघितलं, म्हणाला, "काका, गॅस कमी झालाय." 1800 रुपये दिले. थंडगार हवा आली. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या रस्त्याला लागलो अन् फ्यूज गेला.

आता कळतंय की गॅसचा अन् फ्यूजचा तिथं संबंधच नव्हता. आपल्या साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. त्याच्या तोंडाशी चुंबकाचा क्लच असतो. बटण दाबलं की क्लचच्या कॉइलला करंट जातो, क्लच चिकटतो अन् कॉम्प्रेसर फिरायला लागतो. त्या फ्यूजमधून जातो तो या कॉइलचा करंट, साधारण तीन-चार अँपिअर. गॅस कमी झाला तर गारवा कमी होतो, फार तर क्लच लागायचा बंद होतो. त्यानं फ्यूज उडत नाही.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं आणखी सोपा उपाय केला. "10 चा टिकत नाही, 20 चा टाकतो." चार दिवसांनी तोही उडाला, तर 30 चा टाकला. तो टिकला. मी खूश. त्याला चहा पाजला.

नवव्या दिवशी दवाखान्यातून येताना फाट्यावरून वस्तीच्या रस्त्याला लागलो अन् प्लास्टिक जळाल्याचा वास आला. बॉनेटच्या कडेनं धूर निघत होता. आई मागच्या सीटवर झोपलेली. गाडी बंद केली, आईला उचलून लिंबाच्या झाडाखाली बसवलं, पळत येऊन पकडीनं बॅटरीची वायर काढली. धूर थांबला. पकड गाडीत नसती तर काय झालं असतं, याचा विचार रात्री अंथरुणात आला अन् झोप लागली नाही.

मग गाडी एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याकडं ओढत नेली. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "कधी उडतो?"

मी म्हणलं, "सारखाच उडतो."

"सारखा म्हंजी कधी? बटन दाबल्याबरोबर? गाडी तापल्यावर? का खड्ड्यात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. डांबरी रस्त्यावर तो कधीच उडाला नव्हता. प्रत्येक वेळी उडाला तो आमच्या खाचखळग्याच्या रस्त्याला. महिनाभर ही गोष्ट माझ्या डोळ्यासमोर होती. दोन गॅरेजवाल्यांनी ती विचारली नाही अन् मीही सांगितली नाही.

त्यानं हेडलाईटचा एक जुना बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या अन् त्या फ्यूजच्या जागी लावल्या. इंजिन चालू करून एसीचं बटण दाबलं. बल्ब मंद. मग लाकडी काडीनं एकेक वायर हलवत गेला. बेल्ट अन् पंख्यापासून हात लांब. कॉम्प्रेसरकडं जाणारी वायर हलली की बल्ब लख्ख पेटायचा. वायरी उलगडून बघितल्या तर लोखंडी पट्टीला टेकलेल्या जागी दोन बोटं लांबीचं वरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलेलं. गाडी आमची शेडमध्ये सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी असते. आणखी काय सांगू?

खड्ड्यात गाडी हादरली की उघडी तार पट्टीला टेकायची. पुरती टेकली असती तर 30 चा फ्यूजही उडाला असता. ती अर्धवट घासत होती. करंट 10 च्या वर, 30 च्या खाली. म्हणजे फ्यूज शाबूत अन् वायर भाजतेय. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, हे लक्षात ठेवा. फ्यूज हा एसी वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. वायरीच्या ताकदीपेक्षा मोठा फ्यूज टाकला की वायरच फ्यूज बनते. अन् ती उडत नाही, पेटते.

तुमच्याकडं असं झालं तर त्या म्हाताऱ्याचाच प्रश्न आधी स्वतःला विचारा.

बटण दाबताच उडत असेल तर सरळ शॉर्ट आहे. कॉम्प्रेसरजवळचा वायरचा जोड काढा, नवा फ्यूज टाका, बटण दाबा. आता नाही उडाला तर दोष क्लचच्या कॉइलकडं. उडालाच तर अलीकडच्या वायरीत.

दहा-पंधरा मिनिटांनी उडत असेल तर कॉइल तापल्यावर आतल्या आत शॉर्ट होत असेल. मीटर लावून बघा. बहुतेक कॉइली तीन-चार ओहम दाखवतात. फारच कमी दाखवत असेल तर कॉइल गेली. गार असताना बरोबर दाखवली तर तापल्यावर परत मोजा.

खड्ड्यातच उडत असेल तर कुठंतरी वायर घासतेय.

एसी बंद अन् नुसता आतला पंखा जोरात केल्यावर उडत असेल तर तो पंख्याचा वेगळा फ्यूज. आत उंदराचं घर, पालापाचोळा किंवा जाम झालेली मोटर बघा.

कुठला फ्यूज कशाचा अन् किती अँपिअरचा, हे फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. काही गाड्यांत एकाच फ्यूजवर दोन-तीन गोष्टी असतात, तेही बघून घ्या. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर यातलं काही घरी करू नका. तिथल्या नारंगी वायरींत जीव घेणारा करंट असतो.

आता माझं खरं म्हणणं सांगतो.

वायरिंगवाल्यानं बिल केलं 4700. त्यातले 4200 जळालेल्या वायरींचे अन् त्या बदलायचे. उरलेल्या 500 ला त्यानं नाव दिलं होतं, 'दोष शोधल्याचे'. अन् मंडळी, खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून निघालं, "बल्ब लावून तर बघितलं, त्याचे कसले पाचशे?" गॅसचे 1800 देताना मी घासाघीस केली नव्हती. ज्या माणसानं खरा दोष शोधला त्याच्याशी केली. तो काही बोलला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला. मी पैसे ठेवले अन् खाली मान घालून निघालो.

दोष गॅरेजवाल्यांचा आहेच. पण आपलाही आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. मग समोरचा माणूस दोष कशाला शोधेल? तो वस्तू विकेल. गॅस विकेल, मोठा फ्यूज टाकून "झालं चालू" म्हणेल, कारण आपल्याला तेवढंच ऐकायचं असतं.

शेतात हेच करतो आपण. तीन वर्षांपूर्वी माझ्या विहिरीवरची मोटर सारखी ट्रिप व्हायची. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले दर अर्ध्या तासाला बंद करायचा. मी काय केलं? रिलेचा काटा मोटरच्या पाटीवरल्या आकड्याच्या पुढं सरकवला. ट्रिप व्हायची थांबली अन् पंधरा दिवसांत मोटर जळाली. बेअरिंग जाम झालं होतं. रिले महिनाभर ओरडून तेच सांगत होता, मी त्याचं तोंड दाबलं. रिवायंडिंग होईस्तोवर हरभऱ्याचं ऐन फुलातलं पाणी चुकलं. कुठला खर्च मोठा पडला, तुम्हीच ठरवा.

अन् पीक? पान पिवळं दिसलं की आपण फोटो घेऊन दुकानात. कृषी शिकलेली मंडळी हे पेज वाचतात, त्यांना विचारा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राकडं बोट जातं. वरची कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या, तर चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या रानात लोहाचा प्रश्न असायची शक्यता जास्त. तिथं युरिया टाकून काय होणार? पण "कुठली पानं, कधीपासून, रानात पाणी थांबतं का" हे विचारायला वेळ लागतो, अन् त्या वेळेचे पैसे आपण देत नाही. सल्ला फुकट पाहिजे म्हणून आपल्याला बाटली विकत मिळते.

म्हणून मी दोन नियम केलेत. गाडीत 10 चे तीन लाल फ्यूज ठेवलेत, मोठा एकही नाही. एकदा उडाला तर बदलायचा. दुसऱ्यांदा उडाला तर एसी बंद, खिडक्या उघड्या अन् कधी उडाला ते वहीत लिहायचं. दुसरा नियम, जो माणूस हात लावायच्या आधी "कधीपासून?" विचारतो, त्याला मागेल ते द्यायचं.

परवा आईला घेऊन त्याच रस्त्यानं आलो. एसी चालू होता. फाट्यावर मी सवयीनं वास घेतला, तर आई म्हणाली, "काय रे, काय झालं?" म्हणलं, काही नाही आई, झोप तू.