सईदचे घर कुठे आहे?

'ला एन' हा फ्रेंच चित्रपट आम्ही पाहिलाच पाहिजे, असे आम्हाला अनेकांनी सांगितले. सांगणारे बहुतेक आपल्याच मोहल्ल्यांतले तरुण. 'त्यात आपली गोष्ट आहे,' हे त्यांचे म्हणणे. 'ला एन' म्हणजे द्वेष. 1995 सालचा हा कृष्णधवल चित्रपट काढला तेव्हा दिग्दर्शक मात्यू कासोवित्झ अवघा 27 वर्षांचा होता. कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान अलँ ज्यूपे यांनी आपल्या मंत्र्यांसाठी त्याचा खास खेळ लावला. तीस वर्षे उलटली तरी जगभरची बिथरलेली पोरे या चित्रपटाची पारायणे करतात. आम्हीही तो मोठ्या आशेने पाहिला आणि आमची निराशा झाली. ती का झाली, हे बोलले पाहिजे.

आधी त्याचे श्रेय त्याला देऊ. 1993 साली पॅरिसच्या एका पोलीस ठाण्यात 17 वर्षांचा माकोमे म्बोवोले पोलिसाच्या गोळीने मेला. त्या अस्वस्थतेतून हा चित्रपट जन्मला. पॅरिसबाहेरच्या सरकारी इमारतींची वस्ती, तिथली बेकारी, रिकामे दिवस, पोलिसांची दमदाटी हे सारे त्यात खरे आहे. विन्झ हा यहुदी, ह्युबेर हा काळा आणि सईद हा अरब. तीन दोस्तांचा एक दिवस आपण पाहतो. आदल्या रात्रीच्या दंगलीत एका पोलिसाचे हरवलेले पिस्तूल विन्झला सापडले आहे.

आता आमचा सवाल. विन्झचे घर आम्ही पाहतो. तिथे आजी आहे, तिची बोलणी आहेत. ह्युबेरचे घर पाहतो. तो आईच्या हातात पैसे ठेवतो, बहिणीची चौकशी करतो. सईदचे घर कुठे आहे? ते चित्रपटभर दिसत नाही. त्याची अम्मी नाही, अब्बा नाहीत. बहीण क्षणभर दिसते, तीही भर रस्त्यात त्याचे दटावणे ऐकण्यापुरती. ज्याला घर नाही त्याला काळजीही नाही, म्हणून सईदच्या वाट्याला येते ती बडबड आणि विनोद.

दुसरा अरब मुलगा अब्देल. पोलिसांच्या मारहाणीत तो बेशुद्ध पडला आहे, इस्पितळात आहे. सारी दंगल त्याच्यामुळे, सारी गोष्ट त्याच्यामुळे. पण तो आम्हाला दिसतो फक्त टीव्हीवरच्या फोटोत. तो मेला तर एका पोलिसाला मारीन, अशी शपथ घेतो तो विन्झ. पुढे पॅरिसमध्ये पोलिसांच्या हाती सापडून छळ सोसतात ते सईद आणि ह्युबेर, विन्झ निसटतो. मार एकाचा आणि संताप दुसऱ्याचा, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, चित्रपट सुरू होतो तो सईदच्या उघडणाऱ्या डोळ्यांनी आणि संपतो तो त्याच्या मिटणाऱ्या डोळ्यांनी. आणखी काय हवे? आम्ही म्हणतो, डोळे दिलेत, पण ते डोळे घरी कोणाला पाहतात ते दाखवले नाहीत. साक्षीदार म्हणून उभे राहण्याची आम्हाला सवय आहे. कोणी असेही म्हणेल, की दिग्दर्शकाला धर्म आणायचा नव्हता, गरिबी आणि पोलीस एवढेच दाखवायचे होते. आम्ही नमाज दाखवा, ईद दाखवा असे म्हणतच नाही. एक दार उघडून दाखवा, एवढेच मागणे आहे.

हे मागणे लहान नाही. दहा वर्षांनी, 27 ऑक्टोबर 2005 रोजी, क्लिशी-सू-ब्वा या पॅरिसजवळच्या वस्तीत 17 वर्षांचा झीएद बेना आणि 15 वर्षांचा बूना त्राओरे विजेच्या उपकेंद्रात शिरले आणि धक्का लागून मेले. मागे पोलीस लागले होते. फुटबॉल खेळून परतणारी ही पोरे. रमजानचे दिवस होते आणि त्यांना इफ्तारीला घरी पोहोचायचे होते. तीनच दिवसांनी तिथल्या बिलाल मशिदीत अश्रुधूर पसरला. फ्रान्स तीन आठवडे जळत राहिला, आणीबाणी पुकारली गेली. 2015 साली त्या प्रकरणातले दोन पोलीस निर्दोष सुटले. त्या वेळी ज्याने त्याने 'ला एन'ची आठवण काढली, हे सारे आधीच सांगून ठेवले होते म्हणून त्याला द्रष्टा ठरवले. जळालेल्या मोटारी त्याने सांगितल्या होत्या, हे खरे. पण ज्या घरात इफ्तारीचे ताट वाढून कोणीतरी वाट पाहत होते, ते घर त्याला ठाऊकच नव्हते.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मराठी कथेत मुसलमान दारापर्यंत आला: कधी अत्तर घेऊन, कधी बांगड्या घेऊन, कधी टांगा हाकत. त्याच्या मागे जाऊन त्याचे घर फार थोड्यांनी पाहिले. ही खंत उराशी धरूनच आपण 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवले.

पण बोट आमच्याकडेही वळते. आमच्या लिखाणात अठरा वर्षांचा मुलगा येतो तो बहुधा दंगलीत मेलेला, नाहीतर पोलिसांनी उचललेला. दहावीत नापास झालेला, गॅरेजवर राबणारा, अब्बांशी चार दिवस न बोलणारा, अम्मीच्या डब्यातून पैसे घेऊन रात्री रडणारा मुलगा आम्ही किती लिहिला? तो आम्ही लिहिला नाही, म्हणून आमची पोरे परक्या सईदमध्ये स्वतःला शोधतात आणि तिथे त्यांना फक्त राग सापडतो.

ज्या तरुणांनी हा चित्रपट आम्हाला पाहायला सांगितला, त्यांना आमचे सांगणे आहे: तुमचा राग खोटा नाही, पण तुम्ही रागाएवढेच नाही. रात्री उशिरा परतल्यावर दार कोण उघडते, काय बोलते आणि काय बोलायचे टाळते, ते लिहा. आम्ही छापू.