कांदा बाहेर, तेल आत

या अंकाचा विषय आहे शेतमालाची आयात-निर्यात. तो आत्ताच घेण्याचे कारण लासलगावच्या बाजार समितीत उभ्या असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे 2024 मध्ये ती अटींसह खुली झाली आणि उरलेले शुल्क 1 एप्रिल 2025 रोजी गेले. एवढ्या काळात बांगलादेश, श्रीलंका, आखाती देश इथले ग्राहक आपली वाट बघत थांबतील, ही अपेक्षा आम्हाला चुकीची वाटते. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हे मान्यच. पण त्याची किंमत एकट्या उत्पादकाने का मोजावी?

दुसरीकडे, खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येते, तूर मोझांबिक आणि म्यानमारमधून. लातूरच्या सोयाबीन उत्पादकाचा भाव त्यामुळे दूरच्या बंदरांशी बांधला गेला आहे.

आशेची बाजूही आहे. 2010 मध्ये रासायनिक अंशांमुळे युरोपात अडचणीत आलेली आपली द्राक्षे बागांची नोंदणी, प्रयोगशाळेतली तपासणी यांच्या बळावर पुन्हा तिथे उभी राहिली. या वाटचालीला आम्ही मुद्दाम अधिक पाने दिली आहेत.

तुमचा माल बंदरापर्यंत पोहोचला असेल किंवा वाटेत अडला असेल, तर तो अनुभव सविस्तर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखली आहे.