कोंबडीला नाव ठेवताना

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अंतर केवळ एका मात्रेचे आहे. पहिले आपण आपल्या पोराच्या बाबतीत करतो, दुसरे शेजाऱ्याच्या. आमच्या घरात गेली काही वर्षे पहिले कोंबड्यांच्या बाबतीत चालू आहे, आणि त्यामुळे गावात दुसरे आमच्या बाबतीत. दिवाळीच्या अंकात मराठीच्या प्राध्यापकाने कोंबड्यांवर लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही. त्यांनी पाने उलटून थेट राशिभविष्याकडे जावे. माझी हरकत नाही.

आमच्या कोंबड्या चार : गोदाक्का, बकुळी, चंद्री आणि ठकी. सातारा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी शिकवतो तेथे परसू असलेले घर अजून भाड्याने मिळते. २०१८ साली आठवडी बाजारातून दोन तलंगा आणल्या, दोन मागाहून आल्या. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली कोंबडी. हा शब्द माझ्या साठांच्या वर्गात चौघांना ठाऊक निघाला आणि ते चौघेही शेवटच्या बाकावरचे होते.

कुत्र्याला नाव ठेवले तर कोणी हसत नाही. मांजराला, पोपटाला, बैलाला तर नाव हवेच. कोंबडीचे नाव सांगितले की मात्र ऐकणारा हसतो, कारण त्याच्या मनात ती आधीच रश्शात पडलेली असते. आम्ही शाकाहारी नाही. बाजारची कोंबडी वर्षातून चार वेळा आमच्याही पातेल्यात शिजते. यात कोणाला विसंगती दिसली तर ती दिसण्याजोगीच आहे. पण गोदाक्का या नावाच्या प्राण्याला 'मसाला कोणता?' हा प्रश्न जोडता येत नाही. तो व्याकरणातच बसत नाही.

सुशिक्षित पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "कोंबडा दिसत नाही! मग अंडी कशी?" कोंबडा लागतो तो पिलांसाठी, अंड्यासाठी नव्हे. कोंबडीच्या पोटात अंडे तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात आणि त्या कामात ती कोणाची मदत घेत नाही. आमच्या एका डॉक्टरेट मिळवलेल्या सहकाऱ्यांना हे पटवण्यात माझा एक जोडतास खर्ची पडला आहे. ते अजूनही संशयाने पाहतात.

'पाळणे' या क्रियापदाचा बहुतेक अर्थ झाडणे असा आहे, हे शब्दकोशकारांनी नोंदवायला हवे होते. सकाळी खुराड्यातली शीट काढायची, भुसा बदलायचा, पाण्याचे भांडे घासायचे. ज्वारी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी घालायची. कवच घट्ट यावे म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवायचा. दात नसल्यामुळे बारीक खडे गिळून पोटातल्या पिशवीत दाणे दळायचे, ही त्यांची रीत. तेव्हा खडेही हवेत. परसात एका कोपऱ्यात राख मिसळलेली कोरडी माती ठेवली आहे. तेथे त्या दुपारी आडव्या पडतात, पंखांनी माती अंगावर उडवतात, एक डोळा मिटतात आणि पाय ताणतात. पिसांतल्या उवा घालवण्याचा तो उपाय आहे असे शास्त्र सांगते. असेलही. मी इतके निखळ सुख दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही, आणि कोंबडीला तर चेहराही फारसा नसतो.

दिवेलागणीला त्या आपण होऊन खुराड्यात शिरतात. कडी मात्र माणसानेच घालायची, कारण मुंगूस आणि बोका दोघेही वक्तशीर आहेत.

ऐन दिवाळीत आमच्या मंडळींची दशा पाहवत नाही. दिवस लहान होऊ लागले की कोंबड्यांची पिसे झडतात. आपण नवी वस्त्रे नेसतो त्या सुमारास त्या जुनी टाकून उघड्यावागड्या फिरत असतात. पीस जवळजवळ सगळे प्रथिनांचे. ते नव्याने उगवायचे म्हणजे अंड्यांचे काम बंद. अशा वेळी शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर सुकट घातली तर पिसे लवकर भरतात. त्यात फटाके. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही खुराड्यावर गोणपाट टाकतो. सुकटीचा वास आणि चिवड्याचा वास एकाच स्वयंपाकघरात नांदवण्याचे श्रेय सौ.चे.

चौघींत कोणी कोणाला टोचायचे हे ठरलेले आहे. नॉर्वेच्या शेल्डरूप-एब्बे यांनी १९२२ साली यावर निबंध प्रसिद्ध केला. ते लहानपणापासून कोंबड्या पाहून नोंदी ठेवीत. ज्याने कोणत्याही कॉलेजची स्टाफरूम पाहिली आहे त्याला तो निबंध वाचण्याची गरज नाही.

पण काळजी म्हणून जी काय असते ती रोगाची. मानमोडी हा जुना शब्द. १९१८ साली माणसांमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली तिलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. कोंबडीची मानमोडी म्हणजे राणीखेत. १९२६ साली इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हा रोग दिसला म्हणून जग त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणते. लवकरच तो कुमाऊंतल्या राणीखेतला आढळला आणि आपण त्या सुंदर गावाचे नाव त्याला चिकटवून दिले. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, आणि सबंध खुराडे रिकामे व्हायला आठवडा पुरतो. उपचार नाही. लस आहे. पिलू लहान असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुढे सुई. अडचण एवढीच की कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते, आमच्या कोंबड्या चार, आणि एकदा कालवलेली लस काही तासांतच संपवावी लागते. म्हणून लशीच्या दिवशी सबंध आळीच्या कोंबड्या डालग्यांतून, पिशव्यांतून, एकदा तर शाळेच्या दप्तरातून आमच्या परसात येतात. त्या दिवशी आम्हांला कोणी नावे ठेवीत नाही.

आणि लस जेथे हाताशी नाही तेथे? फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला आणि लाखो पक्षी मारावे लागले. ते मी वर्तमानपत्रात वाचले आणि घडी घालून ठेवले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याची बातमी आली तेव्हा घडी घालता आली नाही. परभणी आमच्यापासून कोठच्या कोठे. पण रोग रानपाखरांच्या पंखांवरून येतो आणि पाखरांना जिल्ह्याच्या हद्दी ठाऊक नसतात. आम्ही परसावर जाळी टाकली, दाणा-पाणी आत घेतले. नियम असा की रोग आढळला तेथून एक किलोमीटरच्या टापूतले सगळे पक्षी मारायचे. भरपाई मिळते, ती पक्ष्याच्या प्रकारावर आणि वयावर ठरते.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने विचारले, "बाबा, गोदाक्कालाही नेतील?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्यांना."

"तिला काही झालेलं नसलं तरी?"

"तरी."

नियम बरोबर आहे असे माझे तेव्हा मत होते आणि आजही आहे. विषाणूपुढे लाडकी आणि परकी असा भेद करता येत नाही, आणि परसातल्या चौघींसाठी शेजारच्या माणसांचा जीव टांगणीला लावता येत नाही. मुलीला हे समजले असावे, कारण तिने वाद घातला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना नावाने हाक मारीना. "कोंबड्यांना पाणी ठेवलं," म्हणायची. "कोंबड्या आत आल्या." सुमारे पंधरा दिवस घरात एकही नाव ऐकू आले नाही. आमच्या भागात काही झाले नाही. मग एका संध्याकाळी परसातून आवाज आला, "गोदाक्का, आत चल बघू!" सौ. पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

गोदाक्का आता सात वर्षांच्या घरात आली. कोंबडीला हे वय म्हणजे सेवानिवृत्तीनंतरचे. पहिली दोन-तीन वर्षे अंडी भरपूर, पुढे उतरती कळा. तिचे तर दोन वर्षांपूर्वीच बंद झाले. दाणा मात्र ती पूर्वीइतकाच खाते.

या आखाडात माझे मामा आले होते. खुराड्याची उंची किती असावी येथपासून खुडूक कोंबडीखाली अंडी कशी ठेवावी येथपर्यंत माझे सारे ज्ञान त्यांच्याकडचे. त्यांनी जन्मभर कोंबड्या वाढवल्या आणि जन्मभर कापल्या. ते परसात उकिडवे बसून चौघींकडे पाहत होते.

"ही घालती का अजून?"

"नाही मामा. दोन वर्षं झाली."

"मग कशाला ठिवलीया?"

मला प्राध्यापकाला शोभेल असे उत्तर सुचले नाही. "आहे आपली," मी म्हणालो.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी हात लांबवून गोदाक्काला अलगद उचलले, उताणी मांडीवर घेतली आणि तिचे पाय उजेडात धरले. पायांवरचे खवले उचललेले होते.

"किडा हाय ह्यात. चालताना दुखत आसंल हिला. कोमट पाणी आन आनि साबण. खोबरेल बी आन."

त्यांनी स्वतः पाय धुतले, धोतराच्या सोग्याने टिपले आणि बोटाने एकेका खवल्याखाली तेल जिरवले. गोदाक्का पाच-सहा मिनिटे मुकाट्याने पडून होती. अशा पद्धतीने ती माझ्या मांडीवर कधी पडलेली नाही.

आठवड्याने मामांचा फोन आला. पाऊस, भाताची लावण, धाकट्याचे लग्न असे सगळे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "म्हातारीचं पाय?"

"खवले बसायला लागलेत," मी म्हणालो.

"लगीच सोडू नगंस. आजून पंधरा दिस तेल लाव."