रित्या दऱ्यांचा ताळेबंद

एडिंबरो शहरातून सकाळी एक लहान बस निघते. प्रवासी देशोदेशीचे, बहुतेक तरुण. प्रत्येकाजवळ पाठीवरची एक सॅक, एवढेच सामान. चालक हाच मार्गदर्शक. मुक्काम यूथ हॉस्टेलमध्ये. एका खोलीत सहा-आठ जणांच्या दुमजली खाटा आणि सर्वांसाठी सामायिक स्वयंपाकघर. शिधा आणावा, स्वतः रांधावे, भांडी घासून ठेवावीत, असा तेथील शिरस्ता. शाकाहार काटेकोर पाळणाऱ्या घरांतील मुलांना ही सोय महागड्या हॉटेलपेक्षा अधिक उपयोगी पडते.

बस स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ भागात शिरते. ग्लेनको दरीत दोन्ही अंगांना उभे कडे. फोर्ट विल्यमजवळ १३४५ मीटर उंचीचे बेन नेव्हिस, ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर, बहुधा ढगांत दडलेले. पुढे ग्लेनफिननचा २१ कमानींचा रेल्वेपूल आणि मग स्कायचे बेट. मैलोन्मैल घर दिसत नाही. ही निर्जनता निसर्गदत्तच आहे, असे प्रवाशांना वाटते. जाणता मार्गदर्शक अशा वेळी गाडी थांबवून गवतात बुडालेली दगडी जोती दाखवतो. ही ओसाडी माणसाने घडवलेली आहे.

मराठीत ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : घराणे आणि खंडाने जमीन कसणारा. हायलँड्समध्ये पहिल्या अर्थाची माणसे दुसऱ्या अर्थाची झाली. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर कुळप्रमुखांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकार गेले आणि आप्तांचे पालक असलेले हे प्रमुख हळूहळू निव्वळ जमीनदार बनले. मेंढ्या पाळणारा एक मोठा शेतकरी अनेक कुटुंबांपेक्षा अधिक खंड देऊ लागला. तेव्हा १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुमारे शंभर वर्षे गावेच्या गावे उठवली गेली. लोक परतू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी घरांची छपरे जाळली. काही कुटुंबे समुद्रकाठच्या नापीक तुकड्यांवर राहिली, काही कॅनडाला, काही ऑस्ट्रेलियाला गेली.

वहीत हा व्यवहार चोख होता. उत्पन्न वाढले, वसुलीची कटकट संपली. परंतु पुढे लोकरीचे भाव उतरले आणि मेंढ्यांच्या अनेक कुरणांची धनिकांसाठी हरणांच्या शिकारीची राने झाली. गेलेली माणसे मात्र परतली नाहीत.

१८८२ मध्ये स्कायवरील ब्रेज येथील शेतकऱ्यांनी डोंगरावरील चराईचा हक्क परत मिळावा म्हणून खंड रोखला. बेदखलीच्या नोटिसा त्यांनी जाळायला लावल्या. ग्लासगोहून सुमारे ५० पोलीस आले, तेव्हा स्त्रियाही दगड घेऊन उभ्या राहिल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला. १८८६ च्या कायद्याने या लहान शेतकऱ्यांना बेदखलीपासून संरक्षण आणि वाजवी खंडाची हमी दिली. आपल्याकडील कूळ कायद्याची आठवण व्हावी असा तो कायदा. २००३ च्या कायद्याने तर जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही खासगी डोंगर-माळांवरून चालण्याचा हक्क दिला. सॅक घेतलेली ही मुले आज त्या उतारांवरून हिंडतात, ती त्याच हक्काने.

पावसाची सर येते. मुले जोत्याच्या आडोशाला उभी राहतात. जिथे कधी चूल होती, तिथे आता नेचे उगवलेले असतात. नफ्याचा आकडा लिहिताना त्यापायी कोणाचे घर उठते, याचाही रकाना वहीत असावा, एवढे व्यापारी घरातील मुलाने तेथून आणले, तरी सहलीचे पैसे वसूल झाले.