टॉवेलच्या सावलीतली तीन रोपं

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी मी वांग्याची अकरा रोपं मारली. मारायचा विचार अजिबात नव्हता, उलट त्यांचं भलं करायला निघालो होतो. पण रोपांना आपला हेतू कळत नाही.

तर झालं असं. आजी गेल्यानंतर सांगलीकडच्या घरातली कपाटं आवरताना आईला एक पुरचुंडी सापडली. आत राखेत घोळवलेलं वांग्याचं बी. परसातल्या त्या काटेरी देठाच्या वांग्यांचं. परस आता राहिलेलं नाही, तिथे काकांनी गाळे काढलेत. म्हणजे हे बी संपलं की विषय संपला. वांग्याचं बी चार-पाच वर्षांत हळूहळू उगवण्याची ताकद गमावतं, त्यामुळे आठवण म्हणून डबीत ठेवून देण्यातही अर्थ नव्हता. मोजून चाळीस बिया होत्या. त्यातल्या वीस पेरल्या, चौदा उगवल्या.

आमचा पुण्यातला फ्लॅट चौथ्या मजल्यावर, बाल्कनी एकच आणि तीही पश्चिमेला. तिथे कबुतरांचं राज्य. म्हणून मी एक ग्रो लाइट मागवला. (ऑफिसमध्ये हे सांगितल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, आणि तो विचारताना डोळा मारणंही ठरलेलं. बाबांनो, वांगी आहेत, वांगी! ज्या झाडाबद्दल तुम्ही विचारताय त्याचं एक रोप जरी परवान्याशिवाय लावलं तरी १९८५ चा एनडीपीएस कायदा लागतो. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी तीन रोपं लावता येतात, तिथल्या कुणाला विचारा. गंमत म्हणजे पुढे जे लिहिलंय ते त्या रोपांनाही तसंच्या तसं लागू आहे.)

चार आठवडे रोज सोळा तास लाइट. रोपं मस्त हिरवीगार, चार-चार पानांची. मग त्या शनिवारी सकाळी अकरा वाजता ट्रे बाल्कनीत ठेवला. तेव्हा तिथे थेट ऊन नव्हतं, नुसता लख्ख उजेड. म्हटलं, लागू दे जरा हवा. जेवलो, आडवा झालो. एकनंतर ऊन फिरून बाल्कनीत आलं आणि मी उठलो साडेचारला. पानं पांढरी पडली होती, जुन्या वर्तमानपत्रासारखी कोरडी. पाणी घातलं, आत आणलं, पंखा लावला. काही उपयोग झाला नाही. सोमवारपर्यंत अकरा गेली. तीन राहिली.

त्यानंतर मला जे सल्ले मिळाले त्यांच्याशी माझं भांडण आहे, म्हणून हा लेख.

पहिला सल्ला : "झाडाला ऊन लागतंच, रोपं नाजूक असतील." दुसरा : "तुझ्या हाताला गुण नाही." तिसरा, सगळ्यात तत्त्वज्ञानी : "बरंच झालं की, जी तीन जगली ती खरी दणकट."

पहिल्यापासून सुरुवात करतो. गडबड रोपांत नव्हती, माझ्या डोळ्यांत होती. खोलीतून बाल्कनीत गेलो की आपल्याला "जरा जास्त उजेड" वाटतो, कारण बाहुली आकसते आणि मेंदू हिशोब जुळवून घेतो. डोळा हे फार वाईट मोजमापाचं साधन आहे. म्हणून नंतर मी फोनच्या लाइट सेन्सरने मोजलं. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र कळायला पुरेसे. हॉलमध्ये रात्री ट्यूब लावल्यावर १८० लक्स. ग्रो लाइटखाली, पानांच्या उंचीवर, १२,००० लक्स. बाल्कनीतल्या सावलीत साधारण ६,०००. आणि दुपारच्या उन्हात ९५,०००.

आता गुणाकार करा. सोळा तास गुणिले १२,००० म्हणजे १,९२,००० लक्स-तास, हा रोपांचा रोजचा खुराक. दुपारच्या उन्हात दोन तास म्हणजे १,९०,०००. म्हणजे जेवढा उजेड ती पहाटेपासून रात्रीपर्यंत सावकाश खायची, तेवढा मी त्यांना दोन तासांत कोंबला. आणि ती तिथे तीन तासांच्या वर होती.

बरं, नुसता उजेडाचा आकडाच वेगळा असतो असंही नाही. कमी उजेडात वाढलेलं पान पातळ असतं. जादा ऊर्जा उष्णता म्हणून सोडून द्यायची सोय प्रत्येक पानात असते, पण मंद उजेडात वाढलेल्या पानात तिची क्षमता कमी. ती संपली की प्रकाश पकडणारी यंत्रणाच मोडायला लागते, आणि दुरुस्तीचा वेग मोडतोडीला पुरा पडत नाही. शिवाय यूव्ही. माझ्या ग्रो लाइटमध्ये यूव्ही-बी नाही, आणि खिडकीची साधी काचही ते बहुतेक अडवते. झाडं यूव्ही-बी ओळखतात, त्यासाठी त्यांच्यात यूव्हीआर८ नावाचं प्रथिन असतं (ते हे काम कसं करतं ते २०११ मध्ये उलगडलं) आणि मग पानाच्या वरच्या थरात यूव्ही गाळणारी द्रव्यं तयार होतात. स्वतःचं सनस्क्रीन म्हणा ना. पण ते मागणीनुसार बनतं. मागणीच कधी आली नाही तर माल कुठून असणार?

वाऱ्याचंही तसंच. ज्या रोपाला वारा लागतो, कुणाचा धक्का लागतो, ते बुटकं आणि जाड बुंध्याचं होतं. मार्क जॅफे या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये याला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं तोंडात न बसणारं नाव दिलं. माझी रोपं बंद खोलीत होती. त्यांनी वारा कधी पाहिलाच नव्हता.

थोडक्यात, रोपं नाजूक "होती" असं नाही, मी ती नाजूक बनवली होती. आणि मग एका दुपारी त्यांच्याकडून काटकपणाची अपेक्षा केली.

दुसरा सल्ला, हाताला गुण. हे मला सगळ्यात खोटं वाटतं, कारण त्यात शिकण्यासारखं काही उरतच नाही. ज्यांच्या हाताला गुण आहे असं आपण म्हणतो ते प्रत्यक्षात काय करतात ते बघा. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, आम्ही वाफ्यावर मांडव करायचो. आणि लावायच्या आधी आठ दिवस पाणी तोडत आणायचो, म्हणजे रोप काटक होतं. लावायचं ते पण ऊन उतरल्यावर." हा हाताचा गुण नाही, ही पद्धत आहे! आजच्या रोपवाटिकांतही तेच चालतं. शेडनेटखाली ट्रेमध्ये रोपं वाढवतात आणि शेतात जाण्याआधी त्यांना उन्हाची आणि कमी पाण्याची सवय करतात. जळगावकडे टिश्यू कल्चरची केळी लावतात ना, त्यांचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. प्रयोगशाळेतल्या बाटलीत हवा इतकी दमट असते की त्या रोपांच्या पानांवर मेणाचा थर धड बनत नाही आणि पानांची छिद्रंही नीट मिटत नाहीत. बाटलीतून थेट शेतात लावलं तर ती सुकून जातील. म्हणून आधी पॉलीहाऊस, मग शेडनेट, असे काही आठवडे दोन टप्प्यांत काढावे लागतात. तिथे कुणी "हाताला गुण" म्हणत नाही, हार्डनिंग म्हणतात आणि त्याचा खर्च रोपाच्या किमतीत धरतात.

माझ्या ग्रो लाइटच्या खोक्यात मात्र आठ भाषांतलं माहितीपत्रक होतं आणि त्यात याबद्दल एक ओळ नव्हती. पुस्तकांत आणि व्हिडिओंत जे सापडतं ते बहुतेक थंड देशांतलं असतं. तिथे हार्डनिंगची मुख्य भीती थंडीची, म्हणून रोपं रात्री आत घ्या वगैरे. आपल्याकडे उलटं आहे. रात्री ती खुशाल बाहेर राहतात, सांभाळायची असते ती दुपार. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या उन्हाला तिकडची वेळापत्रकं लावून चालत नाही.

आता तिसरा सल्ला, म्हणजे "जगली ती दणकट". हा मला थोडा वेळ पटला होता. इंजिनिअरला असं काही पटतंच, स्ट्रेस टेस्ट वगैरे. मग ट्रेमधली जागा आठवून बघितली. जगलेली तिन्ही रोपं एकाच कोपऱ्यात होती. आणि त्या कोपऱ्यावर, दोरीवर, माझा टॉवेल वाळत होता.

बस्स, एवढंच. ती दणकट नव्हती, सावलीत होती.

हे लक्षात आल्यापासून "आम्हाला कुणी शिकवलं नाही, डायरेक्ट क्लायंट कॉलवर बसवलं, बघ, काही बिघडलं का" असं एखादा सीनियर सांगायला लागला की मला तो टॉवेल आठवतो. माझ्याही पहिल्या रिलीजच्या रात्री एक जण घरी न जाता माझ्या शेजारी बसून राहिला होता. पुढे बरीच वर्षं मी तो किस्सा "एकट्याने निभावलं" असा सांगायचो. जळालेली रोपं किस्से सांगायला येत नाहीत, त्यामुळे आपण फक्त उरलेल्यांचं ऐकतो. असो, वांग्यांकडे येऊ.

एक प्रामाणिक आक्षेप मात्र मान्य आहे. ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्यांनी बी बाहेरच पेरावं, विरळ सावलीत. जे पहिल्या दिवसापासून बाहेर वाढलं त्याला सवय करायची वेळच येत नाही. पण बी मोजकं असेल आणि बाल्कनीत कबुतरं असतील तर आत वाढवण्याला पर्याय नाही. मग ते दहा दिवस हा कामाचाच भाग समजायचा, वरची हौस नाही.

त्याच आठवड्यात उरलेल्या वीस बिया पेरल्या. तेरा उगवल्या. या वेळी पहिल्यापासून टेबल फॅन मंद लावून ठेवला, आणि एप्रिलच्या शेवटी, म्हणजे ऐन कडाक्यात, बाहेर काढली. पहिले दोन दिवस नुसती सावली, सकाळी दोन-तीन तास. मग ऊन. बाल्कनी पश्चिमेची असल्यामुळे मी उलटीकडून सुरुवात केली : मावळतीआधीचा शेवटचा एक तास. रोज अर्धा तास आधी. (पूर्वेची बाल्कनी असेल त्यांचं काम सोपं आहे, कोवळ्या उन्हापासून सुरू करून रोज अर्धा तास पुढे.) दुपारच्या तासांवर पहिले काही दिवस आईची जुनी सुती ओढणी बांधली. ट्रे काळा होता, तो तापून मुळं भाजू नयेत म्हणून भोवती ओलं गोणपाट. पाणी सकाळी, बेताचं. खत बंद. दुपारी पानं मलूल झाली आणि संध्याकाळी उभी राहिली तर चालू ठेवायचं. पांढरा डाग दिसला तर दोन दिवस मागे यायचं. जुन्या पानांकडून फार अपेक्षा ठेवायची नाही. ती सावलीत घडलेली असतात, पूर्ण बदलत नाहीत. नवीन पान जाड आणि गडद आलं की समजायचं, रोप आता बाहेरचं झालं.

ते नवीन पान नवव्या दिवशी दिसलं. मी ऑफिसला जायच्या घाईत होतो, तरी पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिलो.

तेरापैकी बारा जगली. (एक कबुतराने नेलं. कबुतरांवर वेगळा लेख लिहावा लागेल.) त्यातली चार आईकडे, चार सोसायटीतल्या एका काकूंच्या गच्चीवर, चार माझ्याकडे. चाळीस बियांपैकी एकही आता शिल्लक नाही, म्हणून एकाच बाल्कनीवर विसंबायचं नव्हतं. बॅकअप एकाच मशीनवर ठेवत नाहीत, एवढं तरी आमच्या धंद्याने शिकवलंय.

टॉवेलवाली तीनही जगली, पण ती सगळ्यात शेवटी फळाला आली. पहिलं वांगं ऑगस्टमध्ये काढलं. दुसरं काढलं नाही. ते झाडावरच पिवळं पडू दिलं, बियांसाठी. आई म्हणाली, बी वाळवून राखेत घोळव. चौथ्या मजल्यावर राख कुठून आणणार? शेवटी उदबत्तीची साठवली.