व्होल्ट कुठून कुठपर्यंत?

विजेचे पारेषण उच्च दाबाने का करतात? दहावीचा वर्ग एका सुरात सांगतो : दाब वाढवला की धारा कमी होते, म्हणून तारांमधला ऱ्हास कमी होतो. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पण याच मुलांनी नववीत ओहमचा नियम घोकलेला असतो : विभवांतर वाढले की धारा वाढते. ही दोन्ही वाक्ये एकाच डोक्यात बिनबोभाट नांदतात. एखाद्या मुलीने त्यावर बोट ठेवलेच, तर ‘ते वेगळं, हे वेगळं’ म्हणून आपण पुढे सरकतो.

तिला फळ्याशी बोलवावे. एक मेगावॉट शक्ती पाठवायची आहे आणि तारांचा एकूण रोध 5 ओहम आहे. 10 किलोव्होल्टला धारा 100 अँपिअर आणि ऱ्हास 50 किलोवॉट. 100 किलोव्होल्टला धारा 10 अँपिअर आणि ऱ्हास अवघा 500 वॉट. आता हाच ऱ्हास विभवांतराचा वर्ग भागिले रोध या सूत्राने काढायला सांगा. ती 100 किलोव्होल्ट घालेल आणि उत्तर येईल 2000 मेगावॉट. पाठवला एक, गमावले दोन हजार! सूत्र खरे, आकडेमोड चोख. विभवांतर तेवढे भलतेच. 100 किलोव्होल्ट आहेत ते दोन तारांमध्ये. तारांच्या स्वतःच्या लांबीवर खर्च होतात फक्त 50 व्होल्ट. ते घातले की 500 वॉट बरोबर जुळतात. तारांचा रोध घेऊन ओहमचा नियम लावायचा तो या 50 व्होल्टना. धारा किती वाहणार, हे पलीकडच्या टोकाची मागणी आणि तिथले रोहित्र ठरवतात.

याहून मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे 750 किलोमीटरची एकदिश वाहिनी आहे : क्षमता 1500 मेगावॉट, दाब अधिक-उणे 500 किलोव्होल्ट. प्रत्यावर्ती धारेच्या भानगडी नसल्याने शालेय सूत्र इथे सरळ चालते. पूर्ण क्षमतेला धारा किती? निम्मा वर्ग 3000 अँपिअर म्हणेल. पण एक ध्रुव जमिनीच्या 500 किलोव्होल्ट वर, तर दुसरा तितकाच खाली. दोघांमध्ये 1000 किलोव्होल्ट, म्हणून धारा 1500 अँपिअर.

सातवीतल्या स्थितिक विद्युतलाही ‘व्होल्ट कोणत्या दोन बिंदूंमधले?’ हाच प्रश्न विचारता येतो. 11 किलोव्होल्टच्या तारेवर बसलेल्या चिमणीच्या दोन पायांमध्ये जेमतेम काही मिलिव्होल्ट असतात. कोरड्या केसांतून फिरवलेल्या कंगव्याचे जमिनीच्या तुलनेतले विभव मात्र हजारो व्होल्टपर्यंत चढते. तरी त्याचा झटका जिवावर बेतत नाही, कारण त्यावरचा प्रभार अत्यल्प असतो आणि क्षणात संपतो. म्हणजे दोन बिंदू कळले तरी पुढचा प्रश्न उरतोच : मागे प्रभाराचा पुरवठा किती? घरातल्या 230 व्होल्टमागे तो अखंड असतो. ‘जास्त व्होल्ट म्हणजे जास्त धोका’ एवढेच शिकलेले मूल उघड्या सॉकेटला कमी लेखू शकते.

म्हणून शिक्षकांना एक सुचवणे आहे. येत्या घटक चाचणीत विद्युतच्या प्रत्येक उदाहरणात विभवांतराच्या आकड्यापुढे ते कोणत्या दोन बिंदूंमधले, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे आणि त्याला अर्धा गुण ठेवावा. तपासणीचे काम थोडे वाढेल. पण कोणाला नियम समजला आहे आणि कोणी नुसते सूत्र पाठ केले आहे, हे त्या अर्ध्या गुणावरून कळेल.