तीन शर्यती आणि एक पदवी



गेल्या पौर्णिमेला रेडीच्या आमच्या विहारात वंदना आटोपली आणि चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच वाडीतली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. वेंगुर्ल्याच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एन.सी.सी.त आहे. आई काजूच्या कारखान्यात, वडील पूर्वी खाणीवर होते, आता मिळेल ते काम करतात. तिने एकच प्रश्न केला, "काका, ह्या तिनांतला खयचा सोडूचा?"

तीन म्हणजे कॉलेज, परेड आणि ट्रायथलॉन. हा तिसरा शब्द आमच्या बऱ्याच वाचकांना नवा असेल. पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्हींची मिळून एकच शर्यत, मध्ये विश्रांती नाही. ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत २००० सालापासून आहे. त्यात दीड किलोमीटर पोहायचे, ४० किलोमीटर सायकल चालवायची आणि १० किलोमीटर धावायचे. याहून लांब 'आयर्नमॅन' शर्यत १९७८ साली हवाई बेटांवर अमेरिकन नौदलाच्या जॉन कॉलिन्स या अधिकाऱ्याने सुरू केली. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी ती पुरी केली आणि पहिला आला तो टॅक्सी चालवून पोट भरणारा माणूस! म्हणजे हा काही जन्मापासून श्रीमंतांचाच खेळ नव्हे. २०१९ साली त्याची निम्म्या अंतराची शर्यत गोव्यात आली आणि तेरेखोलच्या अलीकडच्या आमच्या पोरांनाही तिची स्वप्ने पडू लागली.

पण स्वप्नाची किंमत मुलीने मोजली होती. पहाटे समुद्र, मग एस.टी., मग कॉलेज, मग परेड. वर्गात डोळे मिटू लागले आणि एका विषयात एटीकेटी लागली. वडील म्हणाले, धावणे बंद. शेजारी म्हणाले, मुलीच्या जातीने दर्यात कशाला उतरावे? भाऊ म्हणाला, कॉलेजच सोड आणि अग्निवीर हो.

शेजाऱ्यांना आम्ही तिथल्या तिथे विचारले, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर कशासाठी गेले होते? ज्यांच्या आजोबा-पणजोबांना तळ्यातले ओंजळभर पाणी नाकारले गेले, त्यांची नात दीड किलोमीटर पाणी कापते आहे. तिला थांबवणारे आपण कोण?

भावाचे म्हणणे मात्र इतके सोपे नाही. फौज आपल्याला परकी नाही. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत आपले पूर्वज होते. पुढे १८९२-९३ च्या सुमारास भरतीचे दार बंद झाले, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे ते दार नीट उघडले. पण सुभेदार रामजींची आठवण ठेवा. लष्करी शाळेत मास्तर असलेल्या या माणसाने फौजेची शिस्त घरात आणली ती कशासाठी? भिवाला पहाटे उठवून पुस्तकापुढे बसवण्यासाठी. शिस्त पुस्तकाकडे वळली म्हणून बाबासाहेब घडले.

आम्ही पडलो कारकून, म्हणून कागद घेऊन जमाखर्च मांडला. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत मुलींनाही लष्करी पोलीस दलात जाता येते. पण नोकरी चार वर्षांची, आणि योजनेच्या नियमाप्रमाणे चारांतला एकच पुढे कायम होणार. उरलेल्या तिघांनी घरी येऊन काय करायचे? दुसऱ्या बाजूला, पदवीला निदान ५० टक्के आणि एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत असेल, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी खास प्रवेश आहे. त्याला लेखी परीक्षा नाही, निवडलेल्यांना थेट मुलाखत मंडळापुढे बोलावतात. मुलींच्या जागा मोजक्या आहेत, हे खरे. पण त्या जागेला हात घालायचा तर कॉलेज आणि परेड दोन्ही पुरी करावी लागतात. कॉलेज सोडले तर ती वाटच बुजली.

मग खेळ सोडायचा का? मुळीच नाही. गुजरातची प्रज्ञा मोहन चार्टर्ड अकाउंटंट झाली आणि २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ट्रायथलॉनचे सुवर्णपदकही तिने घेतले. हिशेबाची पुस्तके आणि सायकल एका घरात नांदू शकतात, फक्त पाळी ठरवावी लागते.

ती पाळी आम्ही अशी लावली. परेडच्या दिवशी वेगळा व्यायाम नाही, परेड हाच व्यायाम. आठवड्यात दोन दिवस पोहणे, दोन दिवस धावणे, रविवारी सायकल आणि उतरल्याबरोबर थोडे धावणे. एक दिवस पूर्ण विश्रांती. परीक्षेच्या आधी महिनाभर सगळे निम्म्यावर. झोप सात तास, त्यात तडजोड नाही. डब्यातल्या महागड्या पावडरी नकोत. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मासळी, शेंगदाणे, केळी हे आपल्या घरात आहेच. आणि समुद्रात एकटीने कधीही उतरायचे नाही. पावसाळ्यात तर पाण्याकडे पाठच फिरवायची. ओढ आली की चांगल्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही.

आता थोडे घरच्यांसाठी. मुलगी पहाटे धावून येते आणि लगेच पाणी भरते, भांडी घासते, तिचा भाऊ मात्र अंथरुणात. असे असेल तर एटीकेटी तिला नव्हे, घराला लागली आहे. भावाने दोन कळशा आणल्या तर तिला अर्धा तास वाचायला मिळेल. विहार समितीलाही आमची विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून यंदा एक चांगली सायकल घ्यावी, ती वाडीतल्या सगळ्या मुलामुलींची असावी, आणि संध्याकाळी विहारात दोन तास अभ्यासासाठी दिवा चालू ठेवावा.

मुलीने कागद घडी करून वहीत ठेवला. गोव्याच्या शर्यतीचे शुल्कच हजारोंच्या घरात आहे, ते यंदा नको, आधी राहिलेला विषय सोडवते, असे तीच म्हणाली. वडील काही बोलले नाहीत. पण परवा पहाटे ती पोहत असताना किनाऱ्यावर टॉवेल घेऊन बसलेले ते आम्हाला दिसले.